बॅटरी समुद्रातून येईल, गावातल्या पुलाचं काय?

सौर पंपाला दिवसा वीज मिळते. तीच रात्री वापरायची तर बॅटरीत साठवावी लागते. अशा बॅटऱ्या बहुतांश चीनमधून जहाजाने येतात. मोठ्या क्षमतेचा २० फुटी बॅटरी कंटेनर ४० टनांवर जातो. साध्या कंटेनरची मर्यादा साधारण ३० टन. सागरी नियमांत लिथियम बॅटरी नवव्या वर्गातला धोकादायक माल. डिसेंबर २०२३ मध्ये अलास्काकडे ‘जीनियस स्टार’ जहाजावर अशाच बॅटऱ्या पेटल्या. विझलेली बॅटरी पुन्हा पेट घेऊ शकते, खरी अडचण हीच.

बंदरात नियम आहेत. पण न्हावाशेवा ते यवतमाळ सहाशेहून अधिक किलोमीटर रस्ता, पुढे गावाकडचे अरुंद पूल. प्रकल्पाला ना-हरकत देण्याआधी ग्रामपंचायतीनं विचारावं: पूल किती टन पेलतो, घरं किती लांब, अग्निशमन गाडी येणार कुठून?