परीक्षेआधीची गुणपत्रिका

दरवर्षी ऑगस्टच्या मध्यावर असोसिएटेड प्रेस ही अमेरिकन वृत्तसंस्था महाविद्यालयीन फुटबॉलमधल्या पंचवीस सर्वोत्तम संघांची क्रमवारी जाहीर करते. तोवर नव्या हंगामातला एकही सामना झालेला नसतो. तरीही पहिला कोण, सातवा कोण, तेविसावा कोण हे ठरलेले असते आणि त्यावर कडाक्याचे वाद झडतात. (फुटबॉल म्हणजे इथे अर्थातच अमेरिकन फुटबॉल: लांबट चेंडूचा आणि मुख्यत्वे हातांनी खेळला जाणारा. नावात पाय का आला, हा प्रश्न भाषाशास्त्रज्ञांवर सोडून देऊ.)

साहित्याच्या अभ्यासकाने या यादीकडे का पाहावे? माझे उत्तर असे की मूल्यमापनाचा जो प्रश्न आपण समीक्षेच्या तासाला जड परिभाषेत मांडतो, तो इथे उघडावाघडा दिसतो. कृती समोर येण्याआधी निर्णय दिला जातो, तो आकड्यांत आणि जाहीरपणे दिला जातो, आणि पुढे प्रत्येक आठवड्याला कृती येऊन त्या निर्णयाला साक्ष देते किंवा खोटे पाडते. आपल्याकडे एखाद्या कवीविषयीचे मत चुकले हे कळायला दोन पिढ्या जातात. तिथे एका शनिवारी दुपारी कळते.

यादी तयार होते ती अशी. साठेक क्रीडापत्रकार आणि समालोचक प्रत्येकी पंचवीस नावे लिहितात. पहिल्या नावाला पंचवीस गुण, दुसऱ्याला चोवीस, शेवटच्याला एक. या गुणांची बेरीज म्हणजे क्रमवारी. मतदारापुढे असते काय? गेल्या वर्षीचा निकाल, संघात टिकलेले खेळाडू, नव्याने आलेली मुले, प्रशिक्षकाची ख्याती. आणि या सगळ्यांच्या तळाशी संघाचे नाव. नोटर डेम, अलाबामा, ओहायो स्टेट, मिशिगन ही नावे घराण्यांसारखी आहेत. त्यांना आधी मान मिळतो आणि हिशेब मागाहून होतो.

या खेळात मताला इतके महत्त्व येण्याचे कारण रचनेतच आहे. सर्वोच्च विभागात आज एकशेतीसहून अधिक संघ आहेत आणि एक संघ नियमित हंगामात जेमतेम बारा सामने खेळतो. बहुतेक चांगले संघ एकमेकांसमोर येतच नाहीत. त्यामुळे कोण श्रेष्ठ हे मैदानावर पुरते ठरू शकत नाही; कुणीतरी ते ठरवावे लागते. कित्येक दशके राष्ट्रीय विजेतेपदच मुळी मतदानाने ठरत असे. या खेळाच्या इतिहासात विजेता हा समीक्षकांनी घोषित केलेला विजेता आहे.

या प्रथेचे जनक म्हणजे असोसिएटेड प्रेसचे क्रीडा संपादक ॲलन गूल्ड. 1935 साली त्यांनी स्वतःच्या अधिकारात मिनेसोटा, प्रिन्स्टन आणि सदर्न मेथडिस्ट अशा तीन संघांना बरोबरीने पहिले ठरवले. 1936 पासून वृत्तपत्रांच्या संपादकांकडून दर आठवड्याला मते मागवण्याची पद्धत सुरू झाली. गूल्ड यांनी हेतू कधी लपवला नाही. दोन शनिवारांच्या मधल्या दिवसांत लोकांनी भांडत राहावे आणि वृत्तपत्रांना मजकूर मिळावा, एवढाच तो होता. ही स्पष्टोक्ती मला आवडते. आपल्याकडील अनेक ‘दशकातील दहा पुस्तके’छाप याद्यांचा उगमही याहून फारसा वेगळा नसतो, फक्त तो कुणी बोलून दाखवत नाही.

हंगामपूर्व यादी आली 1950 मध्ये. तिच्यात पहिला होता नोटर डेम. त्या संघाने चार सामने जिंकले, चार हरले, एक बरोबरीत सोडवला आणि अखेरच्या यादीत त्याचे नावही उरले नाही. त्याच वर्षी अंतिम यादी नववर्षाच्या मानाच्या सामन्यांआधी निघाली, तशी प्रथाच होती. ओक्लाहोमाला राष्ट्रीय विजेता घोषित केले गेले आणि त्यानंतर शुगर बोल सामन्यात केंटकीने त्याला 13-7 असे हरवले. विजेतेपद मात्र ओक्लाहोमाकडेच राहिले. म्हणजे पहिला निर्णय पहिल्या सामन्याआधी आणि शेवटचा निर्णय शेवटच्या सामन्याआधी! ही दुसरी विसंगती 1965 पुरती आणि मग 1968 पासून कायमची दूर झाली. पहिली आजही आहे.

चुकांचे दाखले हवे तेवढे मिळतात. 1964 मध्ये मिसिसिपी आणि 2012 मध्ये सदर्न कॅलिफोर्निया पहिल्या क्रमांकावरून निघाले आणि अखेरीस यादीबाहेर गेले. उलट 1984 च्या हंगामपूर्व यादीत ब्रिगम यंग विद्यापीठाचे नावही नव्हते. तो संघ तेराच्या तेरा सामने जिंकून विजेता झाला. पण यादी चुकते ही माझी तक्रार नाही. भाकीत आहे, ते चुकणारच. गाडामरने ‘सत्य आणि पद्धती’ (1960) या ग्रंथात पूर्वग्रहाची जी बाजू घेतली ती इथे आठवावी. पूर्वग्रहाशिवाय आकलनाला सुरुवातच होत नाही. कोऱ्या मनाने कुणी वाचत नाही. प्रश्न उरतो तो हा की वाचक आपला पूर्वग्रह संहितेपुढे पणाला लावतो की नाही. ऑगस्टची यादी या अर्थाने पूर्णपणे क्षम्य आहे. अक्षम्य आहे ते तिचे सप्टेंबरनंतरचे आयुष्य.

2004 चा हंगाम यासाठी बारकाईने पाहावा असा आहे. हंगामपूर्व यादीत सदर्न कॅलिफोर्निया पहिला, ओक्लाहोमा दुसरा आणि अलाबामा राज्यातला ऑबर्न सतरावा होता. पहिले दोघे आठवड्यामागून आठवडे जिंकत राहिले आणि जागचे हलले नाहीत. ऑबर्नही जिंकत राहिला. दक्षिणेतल्या अत्यंत कसदार गटाचे विजेतेपद मिळवून, एकही सामना न हरता, तो तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढला आणि तिथेच अडला. त्या काळी विजेतेपदाच्या सामन्यासाठी दोन संघ निवडताना दोन तृतीयांश वजन मतदानाला आणि एक तृतीयांश संगणकीय क्रमवारीला असे. पहिले दोन निवडले गेले. अंतिम सामन्यात सदर्न कॅलिफोर्नियाने ओक्लाहोमाचा 55-19 असा धुव्वा उडवला. ऑबर्न दुसरीकडे व्हर्जिनिया टेकला 16-13 असे हरवून तेरा विजयांसह घरी परतला.

ऑबर्नविरुद्धचा युक्तिवाद ऐकून घेतला पाहिजे. त्याच्या वेळापत्रकात सिटाडेलसारखा खालच्या विभागातला प्रतिस्पर्धी होता, आणि ते त्याला भोवले. ते मान्य. तरीही विचारावेसे वाटते: हे तीनही संघ तेच सामने त्याच फरकाने जिंकले असते आणि ऑगस्टमध्ये ऑबर्न दुसरा व ओक्लाहोमा सतरावा असता, तर डिसेंबरमध्ये काय झाले असते? माझ्या मते ऑबर्न दुसराच राहिला असता. कारण मतदाराचा अलिखित नियम असा की जिंकणाऱ्याला खाली आणायचे नाही. वरचा हरल्याशिवाय खालच्याला जागा नाही. खालच्याचे गुण कितीही असोत, त्याची बढती दुसऱ्याच्या पराभवावर अवलंबून. जे अनुमान म्हणून लिहिले गेले ते अशा रीतीने मालकी हक्क बनते.

त्यात आणखी एक चक्र फिरते. सातव्या क्रमांकाच्या संघाला हरवणे हा मोठा विजय मानला जातो. पण तो सातवा कशावरून? ऑगस्टमध्ये म्हटले म्हणून. त्या विजयाने जिंकणाऱ्याचा क्रमांक वाढतो आणि मग त्याला हरवणारा आणखी मोठा ठरतो. अनुमानच पुरावा म्हणून पुढे येते आणि त्यावर दुसरे अनुमान उभे राहते. तर्कशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात. मराठीच्या वर्गातही हा दोष परका नाही: अमुक कवी मोठा, कारण तमुक समीक्षकाने त्याच्यावर लिहिले, आणि तमुक समीक्षक मोठा, कारण त्याने अमुक कवी ओळखला.

मतदारांना यादी फाडता येत नाही असे मात्र नाही. 1 सप्टेंबर 2007 रोजी पाचव्या क्रमांकाच्या मिशिगनला त्याच्याच मैदानावर ॲपलॅचियन स्टेटने 34-32 असे हरवले. हा संघ खालच्या विभागातला, नियमानुसार या क्रमवारीत येण्यासही अपात्र. पुढच्या यादीत मिशिगन पंचविसांतून बाहेर गेला. विशेष म्हणजे असोसिएटेड प्रेसने नियमही बदलला आणि खालच्या विभागातल्या संघांना मत देण्याची मुभा दिली. एखाद्या कृतीने समीक्षेची पात्रतेची अटच मोडून काढावी, असे क्वचित घडते.

आणि नाव मोठे असले, क्रमांक पहिला असला, तरी अभय मिळतेच असेही नाही. 1966 मध्ये अलाबामा हंगामपूर्व यादीत पहिला होता, आधीच्या दोन वर्षांचा विजेता होता, आणि तोही अपराजित राहिला. अखेरीस त्याला तिसरे स्थान मिळाले. वरचे दोघे, नोटर डेम आणि मिशिगन स्टेट, परस्परांशी 10-10 असे बरोबरीत सुटलेले. त्या वेळी अलाबामाच्या संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. मतदारांनी त्याची शिक्षा दिली की निव्वळ नोटर डेमच्या वलयाला कौल दिला, यावर आजतागायत वाद चालू आहे. मतपत्रिकेत फक्त नावे असतात, त्यामागची कारणे नसतात. वाद मिटायचा कसा?

2004 नंतर उपाय सुचला तो यादी उशिरा काढण्याचा. असोसिएटेड प्रेसने आपली क्रमवारी विजेतेपदाच्या सूत्रातून काढून घेतली. तिच्या जागी आलेल्या मतदानाची पहिली यादी सप्टेंबरच्या अखेरीस निघू लागली. 2014 पासून तर तेरा जणांची निवड समिती आहे आणि तिची पहिली यादी दोन महिने खेळ झाल्यावर येते. हंगामपूर्व क्रमवारी रद्दच करा, असे म्हणणाऱ्यांना हा आदर्श वाटतो. मला वाटत नाही. आय. ए. रिचर्ड्सने केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून कविता वाचायला दिल्या आणि त्या प्रतिसादांवर ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ (1929) लिहिले, हे आपण दरवर्षी शिकवतो. नाव झाकले तर शुद्ध वाचन उरेल अशी ज्यांची अपेक्षा असेल, त्यांनी ते पुस्तक पुन्हा पाहावे. नाव गेले तरी ठरावीक प्रतिक्रिया आणि आधीच बाळगलेली मते जागच्या जागी असतात.

फुटबॉलमध्ये याची प्रचिती 2023 मध्ये आली. फ्लोरिडा स्टेट तेरा सामने जिंकून, आपल्या गटाचे विजेतेपद घेऊन, अपराजित होता. समितीने चार संघांत त्याला जागा दिली नाही. एकेक पराभव असलेले टेक्सस आणि अलाबामा आत गेले. कारण दिले गेले ते असे की मुख्य क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस जायबंदी झाल्याने हा आता पूर्वीचा संघ राहिलेला नाही. ट्रॅव्हिसशिवाय तो पुढचे दोन्ही सामने जिंकला होता. याचा अर्थ काय? झालेल्या तेरा सामन्यांपेक्षा न झालेल्या एका सामन्याविषयीचे अनुमान वजनदार ठरले. ही हंगामपूर्व क्रमवारीच होती. फक्त ती डिसेंबरमध्ये, बंद खोलीत केली गेली. पुढे ऑरेंज बोलमध्ये फ्लोरिडा स्टेट जॉर्जियाकडून 63-3 असा हरला तेव्हा ‘बघा, समितीचेच खरे होते’ असे सूर निघाले. त्या सामन्यातून संघाचे अनेक प्रमुख खेळाडू बाहेर राहिले होते, हे सांगायचे बहुतेक जण विसरले.

माझा कल म्हणूनच ऑगस्टच्या यादीकडे आहे. असोसिएटेड प्रेसच्या मतदारांच्या पत्रिका नावानिशी वाचता येतात. समितीतल्या कुणी कुणाला कितवे ठेवले हे बाहेर कळत नाही. सही केलेला पूर्वग्रह निनावी वस्तुनिष्ठतेपेक्षा परवडला. स्टीव्ह स्पुरियर हे नामांकित प्रशिक्षक त्यांच्या वेगळ्या मतदानात वर्षानुवर्षे हंगामपूर्व पत्रिकेवर ड्यूक विद्यापीठाला एक मत देत असत, कारण त्या संघाने त्यांना मुख्य प्रशिक्षकपदाची संधी दिली होती. ड्यूक त्या योग्यतेचा क्वचितच असे. पण सगळ्यांना ठाऊक असलेली ही कृतज्ञता निरुपद्रवी आहे, ती हिशेबातून वजा करता येते. ज्याचा पत्ताच नाही तो पक्षपात वजा कसा करणार?

एवढेच हवे की पहिल्या शनिवारनंतर मतदाराने कोरा कागद घ्यावा आणि दर आठवड्याला यादी मुळापासून लिहावी, जिंकलेल्यालाही खाली आणायला कचरू नये. आता तर ते अधिकच गरजेचे झाले आहे. 2021 पासून खेळाडूंना वर्ष वाया न घालवता दुसऱ्या विद्यापीठात जाता येते आणि आपल्या नावावर पैसेही कमावता येतात. संघ एका उन्हाळ्यात ओळखू येईनासा होतो, नाव तेवढे तेच राहते. 2025 च्या हंगामपूर्व यादीत टेक्सस पहिला होता, तो पहिलाच सामना ओहायो स्टेटकडून 14-7 असा हरला. दुसऱ्या पेन स्टेटच्या प्रशिक्षकाला ऑक्टोबरच्या मध्यावर डच्चू मिळाला. विसावा होता इंडियाना, पिढ्यान्‌पिढ्या हरण्यासाठीच ओळखला गेलेला. तो सोळा सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला. आता बाद फेरीत बारा संघ असतात, त्यामुळे विसाव्यालाही वाट मिळते. 2004 मध्ये दोनच जागा होत्या.

ऑबर्नची गोष्ट मात्र अजून संपलेली नाही. सदर्न कॅलिफोर्नियाचे 2004 चे विजेतेपद एका खेळाडूने घेतलेल्या नियमबाह्य लाभांमुळे 2011 मध्ये त्या सूत्राच्या चालकांनी काढून घेतले, पण दुसऱ्या कुणाला दिले नाही. असोसिएटेड प्रेसने आपली यादी बदलली नाही. ऑगस्ट 2025 मध्ये, नव्या हंगामाच्या तोंडावर, ऑबर्नने आपल्या राष्ट्रीय विजेतेपदांच्या अधिकृत नोंदीत भर घातली आणि त्यात 2004 हे वर्ष स्वतःच लिहून टाकले. त्यावर बरीच थट्टा झाली. असोसिएटेड प्रेसच्या त्या वर्षीच्या अंतिम यादीत ऑबर्न अजून दुसराच आहे.