बर्फ लोटण्यासाठी जुनी गाडी घ्यावी काय?

इंदूरच्या एका वाचकभगिनींचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांची कन्या व जावई अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराजवळ राहतात. गेल्या हिवाळ्यात घरापुढचे बर्फ फावड्याने उपसताना जावयांच्या छातीत कळ आली. सुदैवाने दुखणे स्नायूंचे निघाले; पण घरची मंडळी घाबरली. आता जावयांनी एक जुनी पिकअप मोटार हेरून ठेवली आहे. ती चारही चाकांच्या जोरावर चालते व तिच्या पुढे बर्फ लोटण्याचे रुंद लोखंडी पाते आधीच बसविलेले आहे. गाडी सतरा वर्षांची, रंग मात्र नव्यासारखा आणि किंमतही बेताची. "थंडीपूर्वी व्यवहार व्हायचा आहे. मला यातले काही कळत नाही. पण मन स्वस्थ बसत नाही. त्यांना काय विचारावे, तेवढे सांगा," असे त्या लिहितात.

आपल्याकडे हिमालयातील सीमावर्ती रस्ते बर्फमुक्त ठेवण्याचे काम १९६० साली स्थापन झालेली सीमा सडक संघटना करते. इतर प्रांतांतील गृहस्थाला या कामाची कल्पना असण्याचे कारण नाही. अमेरिकेतही सार्वजनिक रस्ता नगरपालिकेची यंत्रे साफ करतात. परंतु त्या रस्त्यापासून आपल्या घरापर्यंतची वाट ज्याची त्याने मोकळी करावयाची असते. शिवाय पालिकेचे यंत्र जाताना याच वाटेच्या तोंडाशी बर्फाचा घट्ट बांध घालून जाते. त्यातून बफेलो हे ईरी सरोवराच्या पूर्व टोकाशी वसलेले. सरोवरावरून येणारे थंड वारे वाफ उचलतात आणि किनाऱ्यावर बर्फ ओततात. नोव्हेंबर २०२२ मध्ये शहराच्या दक्षिणेकडील काही उपनगरांत एकाच वादळात सुमारे ८० इंच बर्फ पडले. त्याच वर्षी नाताळच्या सुमारास आलेल्या हिमवादळात त्या भागात चाळीसहून अधिक माणसे दगावली. तेव्हा जावयांची चिंता म्हणजे हौस नव्हे, हे आधी मान्य केले पाहिजे.

पहिला प्रश्न गाडीचा नाही, कामाचा आहे. समजा, घराची वाट २० मीटर लांब व ४ मीटर रुंद आहे आणि तिच्यावर १५ सेंटिमीटर बर्फ पडले आहे. हे बर्फ १२ घनमीटर होते. ताजे, कोरडे बर्फ घनमीटरला सुमारे १०० किलो धरले, तर ते सव्वा टनाच्या आसपास भरते; ओले बर्फ त्याच्या दुप्पट किंवा अधिकही भरेल. कडाक्याच्या थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि अशा वेळी एवढे ओझे उपसले म्हणजे हृदयावर अतोनात ताण पडतो. म्हणून फावडे बाजूला ठेवण्याचा विचार योग्यच होय. मात्र एवढ्याशा वाटेसाठी मोटारच हवी असे नाही. हाताने ढकलीत न्यावयाचे, बर्फ बाजूला उडवून देणारे यंत्र तेथे मिळते. तेवढ्याने हे काम भागते. हंगामभराचे काम ठरवून देणारे लोकही असतात. वाट शंभर मीटरची असेल, किंवा शेजारच्या दोन-चार वृद्ध कुटुंबांच्या वाटाही साफ करावयाच्या असतील, तरच पिकअपचा खर्च पदरात पडतो.

पिकअप घ्यावयाची ठरलीच, तर तिचा वजनाचा हिशेब पाहावा. हलके पातेसुद्धा दीडदोनशे किलोंचे असते. भारी पाते तीनशेच्या पुढे जाते. ते पुढच्या चाकांच्याही पुढे लोंबकळत असल्यामुळे तरफेच्या न्यायाने पुढील आसावर पात्याच्या वजनाहून अधिक भार येतो आणि मागची चाके हलकी होतात. म्हणून मागील हौद्यात वाळूची पोती बांधून ठेवण्याची पद्धत आहे. पुढील आसाने किती भार सोसावा, याचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेला असतो. तो पात्याच्या वजनाशी ताडून पाहावा. तेथे पिकअपना 'अर्धा टनी', 'पाऊण टनी' असे म्हणण्याचा प्रघात आहे. ही नावे जुनी असून आजच्या गाड्या त्याहून पुष्कळ अधिक ओझे वाहतात. तरी प्रतवारी कळण्यास ती उपयोगी पडतात. नियमित बर्फ लोटावयाचे तर पाऊण टनी गाडी बरी. अर्धा टनी गाडीला हलके पातेच लावावे, तेही गाडी बनविणाऱ्यांची तशी मुभा असेल तर.

आता चार चाकांच्या जोराविषयी. १९४७ पासून मुंबईत महिंद्रांनी जीप जुळविण्यास प्रारंभ केला, तेव्हापासून ही योजना आपल्या परिचयाची आहे : एक दांडा ओढला की इंजिनाचा जोर पुढच्या चाकांनाही मिळतो. पुष्कळ पिकअपमध्ये तीच व्यवस्था असते. जोर जोडला असता पुढची व मागची चाके एकमेकांशी जखडली जातात. बर्फावर चाके किंचित घसरत असल्याने ते खपते. कोरड्या रस्त्यावर वळताना मात्र दातेरी चाकांवर ताण येतो. म्हणून ही परीक्षा खडीच्या मोकळ्या जागेत करावी. जोर जोडून सावकाश वळावे, खडखडाट ऐकू येतो काय ते पाहावे आणि जोर पुन्हा सुटतो की नाही याचीही खात्री करावी. केवळ दर्शक दिवा लागला यावर समाधान मानू नये. पुढची चाके खरोखरच ओढतात की नाही, हे दुसऱ्याने बाहेर उभे राहून पाहावे.

आधीपासून पाते बसविलेली गाडी सोयीची वाटते. पण त्या सोयीतच संशयाला जागा आहे. बर्फ लोटताना गाडी सारखी पुढे-मागे करावी लागते. त्यामुळे आपोआप बदलणाऱ्या गिअरची पेटी तापते. तिचे तेल काळवंडले असेल, जळकट वास येत असेल, तर तेथूनच परत फिरावे. पाते उचलणारी मोटर विजेवर चालते. रात्री दिवे लावून पाते वर-खाली करावे. दिवे फारच मंद झाले, तर बॅटरी किंवा वीज भरणारे यंत्र थकले आहे असे समजावे. पुढचे चाक जॅकवर उचलून हाताने हलवावे. ते डुगडुगले तर सांधे झिजलेले आहेत.

सर्वांत मोठा शत्रू मात्र मीठ. बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि तेच गाडीच्या पोटाला लागून लोखंड खाते. गाडीखाली शिरून सांगाड्यावर छोट्या हातोडीने ठोकून पाहावे. धड लोखंड खणखणते, कुजलेले बद्द वाजते. पापुद्रे सुटत असतील, ब्रेकच्या नळ्या गंजल्या असतील किंवा खालून नुकताच काळा रंग चोपडला असेल, तर अधिकच सावध व्हावे. प्रस्तुत लेखकाने एकदा रंगावर भाळून जुनी स्कूटर घेतली होती. पहिल्या पावसाळ्यातच पाय ठेवण्याचा पत्रा गंजून तुटला आणि किमतीचा चौथा हिस्सा दुरुस्तीत गेला. दुचाकीच्या बाबतीत हे पैशांवर निभावले; सांगाडा मोडलेल्या पिकअपच्या बाबतीत निभावेलच असे नाही.

कागदपत्रेही पाहावीत. प्रत्येक गाडीला सतरा अक्षरांकांचा क्रमांक असतो. तेथील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर तो घातला असता, निर्मात्याने दोषदुरुस्तीसाठी परत बोलावलेल्या गाड्यांत ही आहे काय, ते विनामूल्य कळते. मालकीपत्रावर 'सॅल्व्हेज' असा शेरा असेल, तर विमा कंपनीने ती गाडी एकदा निकालात काढली होती, असा त्याचा अर्थ. शेवटी, विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या कारागिराकडून गाडी उचलून तपासून घ्यावी. त्याची मजुरी हा खर्च नव्हे, विमाच समजावा.

गाडी घरी आल्यावर दोन नियम पाळावे. बर्फ लोटताना मुले घरात असावीत, कारण मागे येणाऱ्या गाडीतून लहान मूल दिसत नाही. आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी धुराची नळी बर्फातून मोकळी करावी; ती बुजली तर विषारी कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला वासही नसतो.

तेव्हा इंदूरच्या भगिनींनी जावईबापूंना फोनवर तीनच गोष्टी विचाराव्या. वाट किती लांब आहे? गाडीच्या पोटाखाली कोणी पाहिले काय? आणि विकणारा आपल्या कारागिराला ती दाखवू देतो काय? शेवटच्या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर आले, तर गाडी कितीही झळाळत असो, ती सोडून द्यावी. तोवर बर्फ उडविण्याचे यंत्र घरात यावे, आणि फावडे मात्र खुशाल भिंतीला टेकून राहावे.