कॉलेजचे क्रेडिट : घाई कशाला?

मूल नववीत गेले की हल्ली घरोघरी एकच चर्चा: हायस्कूलमध्येच कॉलेजची किती क्रेडिट्स मिळवायची? सोय चांगलीच आहे. आपल्या मिनेसोटात १९८५ पासून पीएसईओ योजना आहे. अकरावी-बारावीची मुले कॉलेजात जाऊन शिकतात. फी आणि पुस्तकांचा खर्च पालकांवर पडत नाही. एपीच्या परीक्षा मे महिन्यात होतात, गुण १ ते ५.

पण पालकहो, दोन गोष्टी ध्यानात घ्या. प्रत्येक कॉलेजचा नियम वेगळा. कुठे ३ गुण चालतात, कुठे ५ लागतात. कॅलटेक तर एपीला क्रेडिटच देत नाही. तेव्हा आधी चौकशी, मग नावनोंदणी. दुसरे म्हणजे, पीएसईओत कमी ग्रेड मिळाली तर ती कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायम राहते.

म्हणून माझे मत असे, की आवडीचे दोनच विषय घ्यावेत व ते मनापासून करावेत. शेजारच्या मुलाने सहा घेतले म्हणून आपणही घेऊ नयेत.

आणि मुलांनो, एपीच्या यादीत मराठी नाही. पण क्रेडिट नाही म्हणून रविवारचा वर्ग सोडू नका. आजीशी फोनवर बोलताना ट्रान्सक्रिप्टचा काही उपयोग नाही!