भावांचा इतिहास कोणाच्या मालकीचा?

माजलगावच्या मोंढ्यात एखाद्या दिवशी सोयाबीनची आवक किती झाली आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर काय निघाला, हे राज्य कृषी पणन मंडळ प्रसिद्ध करते. परंतु कमाल दर सकाळच्या पहिल्या सौद्याला मिळाला की अखेरच्या, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. दिवसाचा गोषवारा हाती येतो. दिवसाची हकीकत येत नाही. शेअर बाजाराच्या अभ्यासकाची अडचण नेमकी हीच आहे. फरक इतकाच, की मोंढ्याची ती हकीकत प्रसिद्ध आकड्यांत नसतेच, आणि शेअर बाजाराची हकीकत क्षणाक्षणाने नोंदलेली असूनही सामान्य अभ्यासकाला ती परवडत नाही.

राष्ट्रीय शेअर बाजारात नोव्हेंबर १९९४ मध्ये संगणकाच्या पडद्यावरून शेअरांचे सौदे सुरू झाले. मुंबई शेअर बाजाराने १९९५ मध्ये तोच मार्ग धरला. तोवर दलालांच्या आरोळ्यांबरोबर हवेत विरणारा भाव त्यानंतर कायमचा नोंदला जाऊ लागला. उघडता, उच्चतम, नीचतम आणि बंद भाव सांगणारी दैनिक ‘भावकॉपी’ हे बाजार विनामूल्य देतात, ही गोष्ट त्यांच्या बाजूने मान्य केलीच पाहिजे. तथापि सौद्यागणिक किंवा मिनिटागणिक जुनी आकडेवारी ही विक्रीची वस्तू आहे. काही दलाल पेढ्या ती आपल्या खातेदारांना मर्यादित काळापुरती देतात. खासगी विक्रेत्यांचे स्वस्त संच घ्यावेत, तर त्यांत बाजारातून नाहीशा झालेल्या कंपन्या वगळलेल्या असू शकतात आणि बोनस वा विभाजनामुळे बदललेल्या भावांची दुरुस्ती झालेली नसते. मेलेल्यांची नोंद गाळून काढलेले सरासरी आयुर्मान जितके विश्वसनीय, तितकेच अशा आकड्यांवरून काढलेले निष्कर्ष!

हा मूठभर हौशी संशोधकांचा प्रश्न आहे, असे कोणी म्हणेल. वस्तुस्थिती तशी नाही. ‘सेबी’ने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०२२-२३ या वर्षात एकाच दिवसात शेअर घेऊन विकणाऱ्या व्यक्तींपैकी ७१ टक्के तोट्यात गेल्या. अशा व्यवहार करणाऱ्यांत तिशीच्या आतील तरुणांचे प्रमाण २०१८-१९ मध्ये १८ टक्के होते. ते चार वर्षांत ४८ टक्क्यांवर गेले. सप्टेंबर २०२४ च्या दुसऱ्या पाहणीत असे आढळले, की वायदे व विकल्प यांच्या व्यवहारात तीन वर्षांत एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांनी पैसा गमावला आणि एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला. हे लोक काही केवळ मुंबईच्या दलाल स्ट्रीटवर राहत नाहीत. हाती मोबाइल आला, की तालुक्याच्या गावातील विद्यार्थी, कारकून आणि शिक्षकही त्यांच्या पंक्तीला जाऊन बसतो.

या माणसाला कोणीतरी एक ‘हमखास’ युक्ती विकत असतो. बाजार उघडल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांतील उच्चांक ओलांडला की शेअर घ्यावा, एक टक्का वाढला की विकावा, अर्धा टक्का घसरला की तोटा सोसून बाहेर पडावे, अशा धर्तीची ही युक्ती असते. ती खरी की खोटी? दैनिक भावकॉपीवरून हे ठरवता येत नाही. दिवसाचा उच्चतम भाव कळतो, नीचतमही कळतो. परंतु आधी कोणता आला, हे कळत नाही, आणि नफा की तोटा हे तर त्या क्रमावरच अवलंबून असते. मिनिटागणिक भाव हाती असतील तर पदवी वर्गातील विद्यार्थीसुद्धा ही युक्ती पाच वर्षांच्या आकड्यांवर लावून, दलाली व कर वजा करून, तिचा खरा हिशेब मांडू शकेल. तो खर्चही किरकोळ नसतो. सेबीच्या पहिल्या पाहणीत, तोट्यात गेलेल्यांनी तोट्याखेरीज त्याच्या ५७ टक्के इतकी रक्कम व्यवहारखर्चापायी घातल्याचे दिसले आहे.

अशी आकडेवारी खुली केल्यास तरुण अधिकच सट्ट्याकडे वळतील, असा एक आक्षेप घेतला जातो. परंतु सट्टा खेळण्यास आकडेवारी लागत नाही. तो तिच्यावाचूनच चालला आहे. आकडेवारी लागते ती सट्ट्याचे सोंग उघडे पाडण्यास. दुसरा आक्षेप खर्चाचा. चालू भाव ही बाजारांची व्यापारी मालमत्ता आहे, हे मान्य. परंतु जुन्या नोंदी साठवण्याचा मुख्य खर्च अगोदरच झालेला असतो, आणि एकाने त्या वाचल्याने दुसऱ्यासाठी त्या कमी होत नाहीत. अशा वस्तूवर चढी किंमत लावणे म्हणजे समाजाचे नुकसान करणे, हे अर्थशास्त्राचे प्राथमिक सूत्र आहे.

शिकागो विद्यापीठात १९६० साली मेरिल लिंच या दलाल पेढीच्या देणगीतून एक केंद्र उभे राहिले. न्यूयॉर्क बाजारातील १९२६ पासूनचे भाव त्याने तपासून, दुरुस्त करून एकत्र केले आणि त्या पायावर आधुनिक वित्तशास्त्राचा मोठा भाग उभा राहिला. तेथे दलालाला जे सुचले, ते येथे नियामकाला सुचू नये काय? संशोधनासाठी आकडेवारी देण्याबाबतचे धोरण सेबीने डिसेंबर २०२४ मध्ये आखले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. आता पुढचे पाऊल हवे. एक वर्षाहून जुनी मिनिटागणिक आकडेवारी, नाहीशा झालेल्या कंपन्यांसह व योग्य दुरुस्त्यांसह, सर्व महाविद्यालयांना विनामूल्य मिळावी. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेखाली संशोधन नियतकालिकांसाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपये मंजूर केले. दुसऱ्यांचे निष्कर्ष वाचण्यास पैसा आहे. स्वतः निष्कर्ष काढण्यास लागणारी सामग्री मात्र नाही, ही विसंगती दूर झाली पाहिजे.

आणि हाच न्याय मोंढ्यालाही लागू करावा. प्रत्येक सौद्याची वेळ व दर नोंदून प्रसिद्ध केल्यास, माल केव्हा आणावा हे शेतकऱ्याला अंदाजाने नव्हे, अनुभवाच्या आधारे ठरवता येईल. भाव बाजारात सर्वांच्या देवघेवीतून ठरतो. त्याचा इतिहास मात्र ज्याच्या खिशात पैसा त्यानेच वाचावा, ही रीत न्यायाचीही नाही आणि शहाणपणाचीही नाही.