‘घाबरू नका’ म्हणून भागत नाही!

सबमिशनच्या धावपळीत हा ऑपरेशनचा विषय कुठून काढला, असं वाटेल. पण आपला त्याच्याशी जवळचा संबंध आहे. १९९८ साली अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. डेंटलच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर त्यांनी दोनदा एकसारखी, छोटीशी जखम केली. एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी ४० टक्के जास्त वेळ लागला! मुलं तीच, जखम तेवढीच. बदललं होतं ते टेन्शन.

आता परीक्षेच्या जागी फुप्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठेवून बघा.

गेल्या वर्षी माझ्या मामांच्या उजव्या फुप्फुसाच्या तीन खंडांपैकी एक काढला. घरात सगळ्यांचं एकमत, “त्यांना काही सांगू नका, घाबरतील.” मामा न सांगताच घाबरले होते. रात्र रात्र झोप नव्हती. शुद्धीवर आल्यावर छातीतली नळी बघून त्यांना वाटलं, काहीतरी बिघडलंय. खरं तर या ऑपरेशननंतर अशी नळी ठेवतातच. आत साठणारी हवा आणि पाणी ती बाहेर काढते. एवढंच कुणी आधी सांगितलं नव्हतं.

भीती नुसती मनात राहत नाही. ॲड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल वाढतात, नाडी पळते, बीपी चढतं, जखम भरण्याचं काम मंदावतं. दुखणंही जास्त जाणवतं. त्यात मोडलेला हात प्लॅस्टरमध्ये गप्प ठेवता येतो, छाती गप्प ठेवता येत नाही. बरगड्यांमधून ऑपरेशन झालेल्या माणसाने लगेच खोल श्वास घ्यायचा असतो, खोकून कफ काढायचा असतो, ते तीन बॉलचं स्पायरोमीटर ओढायचं असतं, चालायचं असतं. टाके तुटतील या धास्तीने तो वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो. मग कफ साठतो आणि न्यूमोनियाला आयतीच वाट मिळते.

यावर उपाय महागडा नाही. १९६४ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पोटाचं ऑपरेशन होणारे ९७ पेशंट होते. त्यातल्या काहींना भूलतज्ज्ञांनी नीट समजावलं, कुठे दुखेल, का दुखेल, कुशीवर कसं वळायचं. कुणाला समजावलंय हे सर्जनना माहीत नव्हतं. तरी या पेशंटना वेदनाशामक औषध जवळजवळ निम्मंच लागलं आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. माझ्या मते हे बोलणं म्हणजे औषधच आहे.

मन खंबीर ठेवलं की कॅन्सर पळतो, असं मात्र मला म्हणायचं नाही. उलट तसं म्हणणं पेशंटवर अन्याय आहे. गाठ कोणत्या स्टेजला आहे, हे कुणाचा धीर बघून ठरत नाही. मी बोलते आहे ते दुखणं, श्वास आणि हॉस्पिटलमधले दिवस यांबद्दल.

वर्कशॉपमध्ये लेथला हात लावण्याआधी सर आपल्याला सगळं समजावतात. आणि ज्याची छाती उघडणार, त्याच्यापुढे मात्र इंग्रजी फॉर्म सरकवून “इथे सही करा” म्हणायचं? हे कुठलं लॉजिक?

आपल्यापैकी कुणाच्याही घरून असा फोन येऊ शकतो. तेव्हा “घाबरू नका” म्हणून फोन ठेवू नका. पेशंटला सोबत बसवून डॉक्टरांना विचारा: नळी किती दिवस राहील? दुखलं तर काय देणार? खोकताना छातीला आधार कसा द्यायचा? आणि ते स्पायरोमीटर ऑपरेशनच्या आधीच त्यांच्या हातात द्या, सराव होऊ दे. प्रॅक्टिकल न करता कुणी थेट परीक्षेला बसतं का?