इंजिनाची साक्ष कोणाच्या मालकीची?

यंत्र बिघडले की ते उघडून पाहावयाचे, हा शिरस्ता मोटारीच्या बाबतीत गेल्या चार दशकांत मागे पडला आहे. कार्बोरेटरच्या काळात जाणता मेस्त्री इंजिनाचा आवाज ऐकून, धुराचा रंग पाहून आणि स्पार्क प्लगच्या टोकावरील काजळी निरखून बिघाड ओळखीत असे. इंजिनाचा कारभार संगणकाच्या हाती गेल्यापासून या डोळसपणाला मर्यादा पडली. पेट्रोल किती सोडावयाचे आणि ठिणगी नेमकी केव्हा पाडावयाची, हे आता एक बंद पेटी ठरविते. आपल्या अडचणींची नोंदही ही पेटी ठेवते. परंतु ती नोंद वाचावयाची कोणी, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांपुरता राहिलेला नसून गाडीच्या मालकाच्या हक्काचा झाला आहे. ज्या मोटारी आज तीस-चाळीस वर्षांच्या झाल्या, त्या रस्त्यावर राहणार की भंगारात जाणार, हे पुष्कळ अंशी याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

मोटारीत संगणक शिरला तो चैनीखातर नव्हे. अमेरिकेत १९७० साली स्वच्छ हवेचा कायदा कडक करण्यात आला आणि मोटारीच्या धुरावर कठोर मर्यादा आल्या. धुरातील विषारी वायू निरुपद्रवी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्यासाठी मोटारींना जोडण्यात येऊ लागला. तीन प्रकारच्या विषारी घटकांचा एकाच वेळी बंदोबस्त करणारा कन्व्हर्टर नीट चालावयाचा, तर वजनाच्या हिशेबाने एक भाग पेट्रोलमागे सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण सतत राखावे लागते. साध्या कार्बोरेटरला हे साधणारे नव्हते. म्हणून धुराच्या नळीत प्राणवायू मोजणारा सेन्सर आला, इंजिनातील पाण्याचे तापमान व आत येणाऱ्या हवेचा दाब मोजणारे सेन्सर आले आणि या साऱ्यांचे म्हणणे ऐकून निर्णय घेणारा संगणक आला. जनरल मोटर्स कंपनीने १९८१ च्या मॉडेलांपासून अमेरिकेतील आपल्या जवळजवळ सर्व पेट्रोल मोटारींत असा संगणक बसविला. इतर कंपन्याही लवकरच त्याच वाटेने गेल्या.

दिव्याची उघडझाप

या आरंभीच्या संगणकांना आपले दुखणे सांगण्याची एक साधी सोय होती. बिघाड आढळला की समोरच्या फळीवर ‘चेक इंजिन’ असा दिवा लागे. जनरल मोटर्सच्या गाड्यांत चालकाच्या गुडघ्यापाशी बारा खणांची एक जोडणी असे. तिच्यातील ‘ए’ आणि ‘बी’ या दोन टोकांना कागद अडकविण्याच्या साध्या क्लिपने जोडून किल्ली फिरविली की तोच दिवा ठरावीक तालात उघडझाप करू लागे. एक वेळा, मग थांबून दोन वेळा, म्हणजे क्रमांक १२. इंजिन बंद असताना हा क्रमांक येणे म्हणजे संगणक शुद्धीवर असल्याची खूण. पाठोपाठ नोंदलेल्या बिघाडांचे क्रमांक येत. १३ म्हणजे प्राणवायूच्या सेन्सरच्या तारजोडणीत दोष, ४४ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, ४५ म्हणजे पेट्रोल अधिक. टोयोटाच्या गाड्यांत जोडावयाची टोके निराळी, तर क्रायसलरच्या गाड्यांत किल्ली तीनदा चालू-बंद करण्याची युक्ती. अशा रीतीने प्रत्येक कंपनीची बोली वेगळी होती.

परंतु क्रमांक मिळाला म्हणजे निदान झाले, असे समजणे ही मोठी फसगत आहे. ४४ हा क्रमांक मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचे सांगतो. ते का कमी आहे हे सांगत नाही. पेट्रोलचा पंप अशक्त झालेला असेल, रबराच्या नळीला चीर पडून फाजील हवा आत शिरत असेल, अथवा धुराच्या नळीलाच भोक पडून सेन्सरची दिशाभूल होत असेल. क्रमांक पाहून सरसकट सेन्सर बदलणारा मेस्त्री मालकाचे पैसे घालवितो आणि बिघाड जागच्या जागी ठेवतो.

याहूनही विचार करण्यासारखी गोष्ट म्हणजे, काही बिघाड कोणताच क्रमांक उमटवीत नाहीत. पाण्याचे तापमान मोजणारा सेन्सर जुना होऊन चुकीचा आकडा सांगू लागला, तर काय घडते ते पाहावे. इंजिन प्रत्यक्षात ९० अंशांपर्यंत तापलेले आहे, परंतु सेन्सर १० अंश असे कळवितो. दहा अंश हे तापमान अशक्य नव्हे. त्यामुळे संगणकाला संशय येत नाही आणि दिवाही लागत नाही. इंजिन थंड आहे अशा समजुतीने तो अधिक पेट्रोल सोडीत राहतो. गाडी काळा धूर ओकते, पेट्रोल पिते, आणि मालकाला सांगितले जाते की इंजिनच आता थकले. वास्तविक बदलावयाचा असतो तो बोटाएवढा एक सुटा भाग.

नेमके इथेच लॅपटॉपचे मोल कळते. त्याच बारा खणांच्या जोडणीतून संगणक आपल्याजवळचे सर्व आकडे अखंड बाहेर पाठवीत असतो. सुरुवातीच्या गाड्यांत हा वेग सेकंदाला अवघ्या १६० खुणांचा होता, पुढे तो ८१९२ वर गेला. आजच्या मानाने दोन्ही वेग कासवाचेच. त्यामुळे अडगळीत टाकलेला लॅपटॉपही त्यासाठी पुरतो. एक स्वस्त जोडतार आणि ट्यूनरप्रोसारखी एखादी संगणकप्रणाली असली की तापमान, हवेचा दाब, प्राणवायूच्या सेन्सरचा विद्युद्दाब हे सारे आकडे डोळ्यांसमोर हलू लागतात. निरोगी इंजिनात प्राणवायूच्या सेन्सरचा आकडा सुमारे ०.१ आणि ०.९ व्होल्टच्या दरम्यान सारखा खालीवर होत असतो. तो एका जागी खिळला, तर काहीतरी बिनसले आहे. तापलेल्या इंजिनापाशी उभे राहून पडद्यावर १० अंश वाचणाऱ्याला कोणताही सांकेतिक क्रमांक न मिळताही बिघाड उमजतो. मेस्त्रीच्या अनुभवाला येथे रजा मिळत नाही. आकड्यांचा अर्थ लावावयाला तोच अनुभव लागतो. त्याला फक्त पुरावा मिळालेला असतो.

१९९६ ची सीमारेषा

मग अडचण कोठे आहे? अडचण आहे ती भाषेची. कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या मॉडेलांपासून मोटारीने आपले प्रदूषणविषयक दोष आपणच ओळखावेत असा नियम केला. परंतु ते दोष कोणत्या भाषेत सांगावयाचे, हे कंपन्यांवर सोपविले. पुढे ही चूक दुरुस्त झाली. १९९६ च्या मॉडेलांपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीस सोळा खणांची एकच जोडणी आणि ओबीडी-२ या नावाची समान क्रमांकपद्धती सक्तीची झाली. युरोपात पेट्रोल मोटारींसाठी २००१ पासून तसेच घडले. तेव्हापासून पी ०३०० हा क्रमांक कोणत्याही कंपनीच्या गाडीत एकच गोष्ट सांगतो: इंजिनात पेट्रोल नीट पेटत नाही. हवा स्वच्छ राखण्यासाठी केलेल्या नियमाने कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यालाही इंजिनाशी बोलण्याची सोय करून दिली, हा त्या कायद्याचा फारसा न गाजलेला उपकार होय.

१९९६ पूर्वीच्या संगणकयुक्त गाड्यांच्या वाट्याला मात्र हा उपकार आला नाही. त्यांची भाषा कंपनीच्या अधिकृत कार्यशाळांना आणि त्यांच्या खास उपकरणांनाच कळत असे. जनरल मोटर्सच्या कार्यशाळांत वापरले जाणारे ‘टेक-१’ हे असेच एक उपकरण. त्यात गाडीच्या वर्षाप्रमाणे वेगळी कार्ट्रिज घालावी लागे. ती उपकरणे आज स्वतःच जुनी झाली. या गाड्या अद्याप वाचता येतात, याचे बरेचसे श्रेय हौशी तंत्रज्ञांना आहे. त्यांनी आकड्यांच्या ओघातील कोणता आकडा तापमानाचा व कोणता दाबाचा हे चिकाटीने शोधून काढले, तक्ते तयार केले आणि ते इतरांना मोकळेपणाने दिले. परंतु जेथे असे हौशी लोक लाभले नाहीत, त्या गाड्या मुक्याच राहिल्या.

कायद्याचेही लक्ष या जुन्या गाड्यांकडे गेलेले नाही. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ साली मोठ्या बहुमताने दुरुस्तीच्या हक्काचा कायदा संमत केला आणि २०१४ साली कंपन्यांनी त्याच धर्तीचा करार देशभरासाठी मान्य केला. ही घटना स्वागतार्हच होती. तथापि तीत माहिती देण्याचे बंधन आहे ते २००२ च्या व त्यानंतरच्या मॉडेलांबद्दल. ज्या गाड्यांना कंपनीचा आधार सर्वांत आधी तुटला, त्यांनाच कायद्याचाही आधार नाही, असा हा उफराटा न्याय आहे.

गुप्ततेचे समर्थन

कंपन्यांचे म्हणणे ऐकून न घेता निकाल देणे योग्य ठरणार नाही. त्यांचे आक्षेप मुख्यतः तीन आहेत. पहिला असा की, संगणकाची भाषा खुली केली, तर दुष्ट हेतूचे लोक गाडीचा ताबा घेतील. हा धोका काल्पनिक नाही. २०१५ साली दोन संशोधकांनी एका जीप गाडीवर दुरूनच ताबा मिळवून दाखविला आणि कंपनीला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. परंतु तो दोष गाडी बिनतारी जाळ्याला जोडल्याचा होता. १९९० च्या सुमाराची गाडी कोणत्याच जाळ्याला जोडलेली नाही. तिचे आकडे वाचावयाचे, तर गाडीत बसून तार जोडावी लागते.

दुसरा आक्षेप प्रदूषणाचा. मालक संगणकात ढवळाढवळ करून धुराच्या मर्यादा मोडतील, असे सांगितले जाते. काही मोडतीलही. त्यासाठी धुराची तपासणी आहे आणि ती कडकपणे व्हावयास हवी. परंतु गुप्तता हवेचे रक्षण करते, या युक्तिवादाचा फोलपणा खुद्द एका बड्या कंपनीनेच सिद्ध केला. फोक्सवॅगनने आपल्या डिझेल गाड्यांच्या संगणकात अशी योजना केली होती की, तपासणी चालू असताना धूर स्वच्छ यावा आणि रस्त्यावर मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडल्या जाव्यात. जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही लबाडी होती. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी रस्त्यावर मोजलेल्या धुराचे निष्कर्ष २०१४ साली मांडले तेव्हा संशयाला जागा झाली आणि २०१५ साली प्रकरण उघडकीस आले. पेटी बंद होती म्हणूनच ही फसवणूक इतकी वर्षे पचली.

तिसरा आक्षेप व्यापारी गुपिताचा. नव्या मॉडेलच्या बाबतीत त्यात काही तथ्य असू शकेल. ज्या इंजिनाचे उत्पादन थांबून पंचवीस वर्षे लोटली, त्याच्या तापमानाचा आकडा कोणत्या क्रमाने येतो, यात कसले गुपित उरले? शोधकाला पेटंटचे संरक्षण मिळते तेही साधारण वीस वर्षांचेच, आणि तेसुद्धा शोधाची माहिती समाजाला उघड करण्याच्या अटीवर.

आपल्याकडील प्रश्न

हा प्रश्न अमेरिकेपुरता आहे असे मानून स्वस्थ बसण्याची सोय आपल्याला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली दिल्ली परिसरातील नव्या मोटारींना धुराची युरोपीय मानके लागू केली आणि भारतातही कार्बोरेटरचे युग आवरते झाले. २००० च्या आगेमागे संगणकयुक्त इंजिने आपल्या रस्त्यांवर दिसू लागली. दोष ओळखण्याच्या समान पद्धतीची सक्ती मात्र २०१० नंतर टप्प्याटप्प्याने आली. मधल्या दशकातील गाड्यांवर अशा समान भाषेचे बंधन नव्हते. त्यांतील कित्येक गाड्या आज शिक्षक, कारकून, छोटे दुकानदार यांच्या दारांत उभ्या आहेत. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करून त्या चालविल्या जातात, आणि त्या सांभाळणारे असतात ते नाक्यावरचे गॅरेजवाले.

या गॅरेजवाल्यांची कोंडी आपल्याकडे अधिकृतपणे मान्यही झालेली आहे. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची उपकरणे खुल्या बाजारात मिळू न देणे, हा त्यांच्यावरील ठपका होता. पुढे अपिले झाली, दंडाचा वाद लांबला. केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि मोटारींचाही त्यात समावेश केला. समित्या आणि आदेश यांचा उपयोग नाक्यावरच्या गॅरेजपर्यंत पोचावयाचा असेल, तर आता नेमक्या तरतुदीची मागणी करावयास हवी.

ती तरतूद साधी आहे. एखाद्या मॉडेलचे उत्पादन थांबून ठरावीक मुदत, समजा दहा वर्षे, उलटली की तिच्या संगणकाची निदानभाषा, क्रमांकांचे अर्थ आणि जोडणीचे नकाशे प्रसिद्ध करणे कंपनीवर बंधनकारक असावे. कंपनीला त्यासाठी काही नवे निर्माण करावयाचे नाही. कपाटातील कागद बाहेर काढावयाचे आहेत. गाडीच्या चोरीविरोधी कुलपाचे संकेत यातून खुशाल वगळावेत. बिघाड वाचण्यासाठी त्यांची गरज नाही. दुसऱ्या बाजूने, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती एक जुना लॅपटॉप आणि जोडतार देऊन चालत्या इंजिनाचे आकडे वाचण्याचा सराव करून घ्यावा. क्रमांक पाहून भाग बदलणारे कामगार पुष्कळ तयार होतील. आकडे पाहून विचार करणारे कारागीर तयार करावे लागतात.

मोटार ज्याने पैसे मोजून घेतली, तिच्या पेट्रोलचा खर्च जो करतो, तिच्या धुराबद्दल कायदा ज्याला जबाबदार धरतो, त्याला ती का धूर ओकते हे जाणून घेण्याचा अधिकार नसावा, हे कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारे नाही. जबाबदारी मालकाची असेल, तर साक्षही त्याला वाचता आली पाहिजे. दुरुस्तीच्या हक्काचा मसुदा जेव्हा संसदेपुढे येईल, तेव्हा त्यात जुन्या गाड्यांसाठी हे एक कलम आहे की नाही, हे ग्राहकांनी आणि ग्राहक संघटनांनी डोळ्यांत तेल घालून पाहावे.