विश्लेषण : नजर चुकवली म्हणजे खोटं बोलला?

मुलुंड-बोरिवलीतल्या एखाद्या सोसायटीत दागिने सापडेनासे झाले, की संशय बहुतेकदा घरकाम करणाऱ्या बाईंवर किंवा वॉचमनवर जातो. ‘विचारलं तेव्हा अडखळली, नजर मिळवेना’ एवढ्यावर व्हॉट्सॲप ग्रुपवर निकालही लागतो. ‘खोटं ओळखण्याच्या ५ खुणा’ सांगणारी रील्स त्यात भर घालतात. या खुणांवर कितपत भरवसा ठेवावा?

संशोधन काय सांगतं?

चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये २०६ अभ्यास एकत्र करून तपासले. नुसतं बघून-ऐकून खरं-खोटं ओळखण्यात लोक सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ठरले. नाणं उडवून ठरवलं, तरी ५० टक्के उत्तरं बरोबर येतात! चुळबूळ, घाम, अडखळणं या भीतीच्याही खुणा आहेत. नोकरी जाईल या धास्तीनं खरं बोलणाराही घाबरतो. उलट ‘डिजिटल अरेस्ट’च्या व्हिडिओ कॉलवरचा तोतया पोलीस अधिकारी ठाम आवाजात, न अडखळता बोलतो.

यंत्राला तरी कळतं का?

सांताक्रूझ पूर्वेला कालिना इथं राज्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. तिथं पॉलिग्राफ चाचणीही होते. या चाचणीत श्वास, नाडी, रक्तदाब आणि त्वचेवरचा घाम यांतले बदल नोंदले जातात. म्हणजे यंत्र ताण टिपतं; तो खोटेपणाचा की भीतीचा, हे ते सांगू शकत नाही.

कायदा काय म्हणतो?

‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ५ मे २०१० रोजी स्पष्ट केलं, की संमतीशिवाय पॉलिग्राफ, नार्को किंवा ब्रेन मॅपिंग करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही, असं राज्यघटनेचं कलम २०(३) सांगतं. संमतीनं केलेल्या चाचणीचा निष्कर्षही थेट पुरावा ठरत नाही. त्यातून पुढे सापडलेली वस्तू किंवा माहिती ग्राह्य धरता येते. नार्को चाचणीबाबत न्यायालयानं जून २०२५ मध्ये हीच भूमिका पुन्हा मांडली.

मग काय करावं?

चेहरा वाचण्यापेक्षा तपशील पडताळा. चोरीचा संशय असेल तर सीसीटीव्ही आणि गेटवरची नोंदवही पाहा, पोलिसांत तक्रार करा. ग्रुपवर कुणाचा फोटो टाकू नका. ‘पोलीस’ म्हणून फोन आला तर तो ठेवून द्या आणि स्वतः पोलीस ठाण्यात चौकशी करा. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर कळवा.